वाऱ्याची वीज आणि साम्सो बेटांतील शेतकरी

वाऱ्याचा उपयोग शेतकऱ्यास कांहीं नवा नाहीं. मळणी उरकली कीं धान्य उफणण्यासाठीं तो वाऱ्याचीच वाट पाहतो, आणि जमिनीवर उभा न राहतां टोपली घेऊन तिवईवर चढतो. धान्य पडावयास उंची मिळते हें तर खरेंच. पण चार हात वर गेलें कीं वाराहि अधिक लागतो व भूस दूर जाऊन पडतें, हें त्यास अनुभवानें ठाऊक असतें. प्रस्तुत लेखांत ज्या यंत्रांची माहिती द्यावयाची आहे त्यांचें अर्धें मर्म या तिवईच्या अनुभवांतच सांपडतें.

सातारा जिल्ह्यांत कोयनेच्या जलाशयावरील पठारावर, तसेंच सांगली व धुळें जिल्ह्यांत पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यास आतां बरींच वर्षें लोटलीं. त्या भागांतील शेतकऱ्याच्या मनांत दोन प्रश्न सहजच उभे राहतात. चक्क्या डोक्यावर फिरत असतां गांवांत अंधार कां पडावा? आणि जमीन आमची, डोंगर आमचा, मग वाऱ्याचा पैसा कोणाचा? पहिल्याचें उत्तर यंत्राच्या रचनेंत आहे, दुसऱ्याचें व्यवहारांत. दोहोंचा एकत्र विचार करण्यास डेन्मार्क देशांतील साम्सो नांवाच्या बेटाचें उदाहरण फार सोयीचें आहे. कारण तेथें चक्क्या उभारणारे लोक मुख्यतः शेतकरीच होते.

साम्सो हें कॅटेगॅट समुद्रांतील ११४ चौरस किलोमीटर क्षेत्राचें व चार हजारांच्या आसपास वस्तीचें बेट होय. तेथील हंगामाच्या आधीं निघणारा बटाटा डेन्मार्कच्या बाजारांत नांवाजलेला आहे. बटाटा, भाजीपाला, धान्य आणि गाई-डुकरें यांवर तेथील शेतकऱ्यांचा चरितार्थ चालतो. १९९७ सालापर्यंत बेटाला लागणारें तेल जहाजानें येई, आणि वीज समुद्राच्या तळाशीं टाकलेल्या तारेनें जटलंडहून येई. तीहि बहुतांशीं दगडी कोळशाची. त्या वर्षीं डॅनिश सरकारनें अशी स्पर्धा लावली कीं, आपली सर्व ऊर्जा सुमारें दहा वर्षांत वारा, ऊन व शेतांतील काड यांपासून मिळविण्याची योजना बेटांनीं सादर करावी. साम्सोची योजना पसंत पडली. मात्र पहिला नंबर आला म्हणून चक्क्यांसाठीं पैशांची थैली हातीं आली नाहीं. भांडवल लोकांनाच उभें करावें लागलें. बेटावरच वाढलेला सोरेन हेरमनसेन नांवाचा एक शेतकऱ्याचा मुलगा, पेशानें शिक्षक, त्यानें गांवोगांव सभा घेऊन लोकांस हा विषय समजावून दिला.

२००० सालीं बेटाच्या जमिनीवर अकरा चक्क्या उभ्या राहिल्या. एके ठिकाणीं पांच व दुसऱ्या दोन ठिकाणीं तीन-तीन, अशा त्यांच्या ओळी आहेत. प्रत्येकीची शक्ति १००० किलोवॅट. अकरांपैकीं नऊ चक्क्या एकेकट्या शेतकऱ्यांनीं कर्ज काढून घेतल्या, व उरलेल्या दोन बेटावरील शेंकडों रहिवाशांनीं भाग घेऊन सामाईक उभारल्या. पुढें २००३ सालीं बेटाच्या दक्षिणेस समुद्रांत २३०० किलोवॅटच्या आणखी दहा चक्क्या सुरू झाल्या. बोटी व मोटारी यांना जें तेल जाळावें लागे त्याची भरपाई वाऱ्याच्या विजेनें करावी, हा त्यांचा हेतु. येथें आपण जमिनीवरील अकरा चक्क्यांपुरतेंच पाहूं.

प्रथम वाऱ्यांत शक्ति किती असते तें समजून घेतलें पाहिजे, कारण सारा नफातोटा येथेंच ठरतो. हवा हलकी भासली तरी तिला वजन आहे. समुद्रकांठीं एक घनमीटर हवा सुमारें १.२ किलो भरते. सेकंदास ४ मीटर, म्हणजे तासास साधारण साडेचौदा किलोमीटर वेगाचा वारा असला, तर त्याच्या मार्गांत आडव्या धरलेल्या एक चौरस मीटर चौकटींतून सुमारें ३८ वॅट शक्ति वाहून जाते. एक लहानसा दिवा लागेल इतकीच ही शक्ति. आतां वेग दुप्पट, म्हणजे ८ मीटर झाला असें समजूं. दर सेकंदास चौकटींतून जाणारी हवा दुप्पट झाली. शिवाय त्या हवेच्या प्रत्येक किलोमधील शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत चौपट झाली. दुप्पटीची चौपट म्हणजे आठपट. ३८ वॅटांचे ३०७ वॅट होतात. आणि १२ मीटरच्या वाऱ्यांत तोच आंकडा हजारापलीकडे जातो.

हा घनाचा नियम शेतकऱ्यानें नीट ध्यानीं धरावा. एका टेकडीवर सरासरी ६ मीटर व दुसरीवर ७ मीटर वेगाचा वारा असेल, तर ऐकणारास तो फरक किरकोळ वाटतो. पण दुसऱ्या टेकडीवरील शक्ति पहिलीच्या दीडपटीहूनहि अधिक असते. यंत्र तेंच, खर्च तोच, कर्जाचे हप्ते तेच. उत्पन्न मात्र दीडपट. नुसत्या सरासरीवर विसंबणेंहि बरें नव्हे. दोन दिवस सारखा ८ मीटरचा वारा वाहिला, आणि दुसरीकडे एक दिवस ४ व एक दिवस १२ मीटरचा वाहिला, तर सरासरी दोन्हींकडे एकच; परंतु वाऱ्यांतील शक्तीचा हिशेब केला तर दुसऱ्या ठिकाणीं ती पावणेदोनपट भरते. म्हणून जागा ठरविण्यापूर्वीं तेथें उंच खांब रोवून त्यावर वेगमापक बसवितात व निदान एक पुरें वर्ष वाऱ्याची नोंद ठेवितात. अशी नोंद नसतांना कोणी उत्पन्नाचे आंकडे पुढें करील तर त्यावर भरंवसा ठेवूं नये.

आतां तिवईकडे वळूं. जमिनीलगतचा वारा पिकें, झाडें, घरें यांस घासून मंद झालेला असतो. जसजसें वर जावें तसतसा तो मोकळा व वेगवान होतो. मोकळ्या रानांत १० मीटर उंचीवर जो वेग आढळतो त्याहून ५० मीटर उंचीवर तो साधारणपणें चतुर्थांशानें अधिक असतो. आणि घनाच्या नियमानें पाहिलें तर शक्ति जवळजवळ दुप्पट होते. साम्सोच्या चक्क्यांचे मनोरे ५० मीटर, म्हणजे सुमारें १६५ फूट उंचीचे करण्याचें कारण हेंच. पुढील काळांतील यंत्रांचे मनोरे तर याहूनहि पुष्कळ उंच झाले.

त्या चक्कीचें एकेक पातें २७ मीटर लांबीचें आहे. तीन पातीं फिरून जें वर्तुळ होतें त्याचें क्षेत्र २२९० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबानें साडेबावीस गुंठे. साडेबावीस गुंठ्यांचें हवेचें एक उभें शेतच ही चक्की कापते असें म्हणावयास हरकत नाहीं. ८ मीटरचा वारा असेल तर त्या शेतांतून सुमारें ७०० किलोवॅट शक्ति जात असते. ती सर्वच्या सर्व मात्र हातीं लागत नाहीं. पाटाच्या पाण्यास दारें मोडतांना पूर्ण अडविलें तर तें कांठ फोडून बाजूनें निघून जातें. त्याप्रमाणें पात्यांनीं हवेची सगळी गति काढून घेण्याचा यत्न केला, तर मागची हवा पुढें न येतां चक्कीला वळसा घालून जाईल. फार झालें तर शंभरांतील ५९ भाग घेतां येतात, त्याहून अधिक नाहीं, असें आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १९२० च्या सुमारास गणितानें दाखवून दिलें. प्रत्यक्षांत चांगलें यंत्र चाळीस-पंचेचाळीस भाग घेतें. तेव्हां वरील वाऱ्यांत तारेवर जावयास सुमारें ३०० किलोवॅट मिळतील.

पातें वाऱ्याच्या धक्क्यानें ढकललें जातें, अशी पुष्कळांची समजूत असते. खरें पाहतां त्याचा आकार पक्ष्याच्या पंखासारखा, एका बाजूस फुगीर असतो. तें हवेचा रोख वळवितें, आणि हवा वळतांना पात्यास आडव्या बाजूस ओढते. बाजूच्या वाऱ्यावरहि शिडाचें गलबत पुढें काढणारा कोंकणांतील तांडेल हें तत्त्व जाणतो. विहिरीवर बसविण्याच्या जुन्या पाणचक्कीस पुष्कळ पातीं असतात. ती थोड्या वाऱ्यांतहि जोरानें सुटते पण सावकाश फिरते, आणि पंपाचा दांडा वरखालीं करण्यास तेंच हवें असतें. विजेच्या कामीं वेग पाहिजे. तेथें थोडीं व सडपातळ पातीं चांगलीं. साम्सोचें यंत्र मिनिटास सुमारें २२ फेरे घेतें. दुरून हें अगदीं संथ दिसतें. पण पात्याचें टोंक त्या वेळीं तासास दोनशें किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवत असतें.

पातीं ज्या तुंब्यांत बसविलेलीं असतात त्याचा आंस मनोऱ्याच्या माथ्यावरील पेटींत शिरतो. तेथें दंतचक्रांच्या योगानें २२ फेऱ्यांचे सुमारें १५०० फेरे होतात व त्या वेगानें जनित्र फिरतें. हें जनित्र म्हणजे कांहीं अद्भुत वस्तु नव्हे. आपल्या विहिरीवर जी तीन फेजची मोटर असते तिचाच तो थोरला भाऊ. पंपाच्या मोटरीवरील पट्टीवर १४४० किंवा २८८० असा फेऱ्यांचा आंकडा कोरलेला असतो. हे आंकडे १५०० व ३००० असे पूर्ण कां नसावेत? कारण असें कीं, तारेंतून येणारी वीज मोटरीच्या आंत जें चुंबकीय क्षेत्र फिरविते तें बरोबर १५०० फेऱ्यांनीं फिरतें, आणि भार ओढणारी मोटर त्याच्या किंचित् मागें राहते. मागें राहते म्हणूनच ती तारेंतून वीज ओढून घेते. आतां कोणी बाहेरून जोर लावून तीच मोटर १५०० च्या किंचित् पुढें पळविली, तर व्यवहार उलटतो. ती वीज घेण्याऐवजीं तारेस वीज देऊं लागते. साम्सोच्या चक्कींत हा बाहेरचा जोर वारा लावितो, इतकाच फरक.

गांवांतील अंधाराचें उत्तर येथेंच मिळतें. असलें जनित्र चुंबकीय क्षेत्र उभें करण्यापुरती वीज तारेंतूनच घेत असतें. तार बंद पडली कीं क्षेत्र नाहीं, आणि क्षेत्र नाहीं तर कितीहि वारा असला तरी वीज नाहीं. भार नाहींसा झालेलीं पातीं बेफाम सुटूं नयेत म्हणून यंत्र आपण होऊन थांबतें. अलीकडील यंत्रांची रचना निराळी असली तरी तुटलेल्या तारेवर काम करणाऱ्या मनुष्याच्या जिवास धोका होऊं नये म्हणून तींहि सामान्यतः थांबविलीं जातात. शिवाय चक्कीची वीज रोहित्रांतून दाब वाढवून मोठ्या तारांवर चढते व जेथें मागणी असेल तिकडे जाते. डोंगराखालच्या वाडीस तींतील किती वीज द्यावयाची हें चक्की ठरवीत नाहीं, वीज वांटणारे ठरवितात. साम्सोसहि ही गोष्ट चुकली नाहीं. वारा जोराचा असला कीं बेटाची अधिक झालेली वीज समुद्रांतील तारेनें जटलंडकडे जाते, आणि वारा पडला कीं त्याच तारेनें वीज परत घ्यावी लागते. वर्षाचा हिशेब जमतो. घटकेघटकेचा जमत नाहीं.

वर्षाचें उत्पन्न किती? १००० किलोवॅटचें यंत्र वर्षाचे ८७६० तास पूर्ण शक्तीनें चाललें तर ८७ लाख ६० हजार युनिटें होतील. पण सेकंदास तीन-चार मीटरच्या खालीं वारा असला तर यंत्र फिरून उपयोग नाहीं, पंधराच्या सुमारास तें पूर्ण शक्तीवर येतें, आणि पंचविसाच्या पुढें वादळांत तें मोडूं नये म्हणून बंद ठेवितात. त्यामुळें साम्सोस एका यंत्रामागें सुमारें तेवीस लाख युनिटें, म्हणजे कमाल मर्यादेच्या चतुर्थांशाहून थोडें अधिक पदरांत पडतें. अकरा यंत्रांचीं मिळून अडीच कोटींच्या आसपास होतात, व बेटाची वर्षाची विजेची गरज तेवढ्यानें भागूं लागली. यंत्रावर लिहिलेली शक्ति व वर्षाचें उत्पन्न यांची गल्लत करून गुंतवणूकदारास भुलविणें फार सोपें आहे. म्हणून ही चौथाईची गोष्ट मुद्दाम नमूद केली.

डेन्मार्कच्या शेतकऱ्यांना हें धाडस करवलें, त्यास मागील शंभर वर्षांची तयारी कारण आहे. आस्कोव येथील लोकविद्यालयांत पौल ला कूर या शिक्षकानें १८९१ सालीं सरकारी मदतीनें चक्की उभारून तिजपासून वीज काढली. थोडीं पण वेगानें फिरणारीं पातीं विजेस अधिक चांगलीं, हें त्यानें प्रयोगांनीं ठरविलें, आणि खेड्यापाड्यांतील तरुणांना विजेचें काम शिकविलें. त्याच्याच शिष्यवर्गांतील योहानेस यूल यानें गेडसर येथें १९५७ सालीं तीन पात्यांची २०० किलोवॅटची चक्की चालू केली. ती दहा वर्षें चालली. १९७३ सालीं तेलाचे भाव भडकल्यावर हा जुना वारसा पुन्हां कामीं आला. आमच्या वाचकांस विशेष कौतुक वाटेल तें हें कीं, पुढें चक्क्या करणारे कारखाने मूळचे शेतीच्याच सामानाचे होते. एक पूर्वी दुधाचीं शीतपात्रें करी. दुसरा पिकांवर पाण्याचा शिडकाव करणारीं यंत्रें करी, व साम्सोच्या अकरा चक्क्या याच दुसऱ्या कारखान्याच्या वंशांतील आहेत.

भागभांडवलाची रीतहि तेथें साधी ठेविलेली असे. वर्षास १००० युनिटें देणारा वांटा तो एक भाग. त्यामुळें आपण काय विकत घेतलें हें अडाण्यासहि समजे. विजेस कांहीं वर्षांपुरता ठराविक भाव मिळण्याची हमी सरकारनें दिली होती, म्हणून पेढ्यांनीं शेतकऱ्यांस कर्जें दिलीं. ही हमी नसती तर साम्सोची गोष्ट घडलीच नसती, असें आमचें मत आहे. २००९ सालीं अमलांत आलेल्या कायद्यानें नव्या चक्कींतील निदान २० टक्के भाग साडेचार किलोमीटरांच्या आंत राहणाऱ्यांस देऊं करणें मालकावर बंधनकारक केलें होतें; पुढें ही तरतूद बदलण्यांत आली. पात्यांचा आवाज, खिडकींतून सरकणारी सावली, बिघडलेला देखावा, या तक्रारी तेथेंहि आहेत. परंतु ज्याचा भाग आहे तो त्या कमी करतो, हा मनुष्यस्वभावच होय.

आतां आपल्याकडे पाहूं. भारतांत वाऱ्याच्या विजेच्या पहिल्या प्रायोगिक चक्क्या १९८६ सालीं समुद्रकांठच्या प्रदेशांत उभ्या राहिल्या, व त्यांत आपल्या कोंकण किनाऱ्याचाहि समावेश होता. ती ५५ किलोवॅटचीं यंत्रें डेन्मार्कच्याच बनावटीचीं होतीं. मोठा विस्तार मात्र पुढें घाटमाथ्यावर झाला. साताऱ्याकडील वनकुसवडें येथील पठार समुद्रसपाटीपासून सुमारें ११५० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा समुद्रकांठच्या मानानें शेंकडा दहाहून अधिक पातळ, म्हणजे तितकी शक्ति कमीच. पण नैर्ऋत्येकडून येणारा वारा सह्याद्रीच्या कड्यावर दाबला जाऊन जो वेग धरतो त्यापुढें ही तूट कांहींच नाहीं.

भांडवल आलें तें बहुधा दूरच्या शहरांतून. पवनचक्कींत घातलेल्या रकमेचा बहुतेक सर्व घसारा पहिल्याच वर्षीं वजा करण्याची सवलत प्राप्तिकराच्या कायद्यानें त्या काळीं दिली होती. त्यामुळें ज्यांचा नफा मोठा, त्यांनाच चक्की घेण्यांत लाभ होता. कोरडवाहू शेतकऱ्याला प्राप्तिकरच नाहीं, तेव्हां त्याला ही सवलत निरुपयोगी. त्याच्या वांट्यास जमिनीची किंमत किंवा भाडें व राखणदाराची नोकरी, एवढेंच आलें. यांत कायदा कोणी मोडला नाहीं. कायद्याचा रोखच तसा होता.

ऋतूचाहि मोठा भेद आहे. डेन्मार्कांत वारा हिवाळ्यांत जोराचा, आणि विजेची गरजहि तेव्हांच मोठी. आपल्याकडे वर्षाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत पदरांत पडतो. आषाढांत चक्क्या दिवसरात्र फिरतात, पण विहिरीवरचा पंप तेव्हां बंद असतो. गव्हास, हरभऱ्यास, उन्हाळी भुईमुगास पाणी द्यावयाच्या दिवसांत वारा मंद होतो. म्हणून आपल्या शेतापुरती चक्की बसवून आपलाच पंप चालवावा हा बेत घाटावर सहसा फायद्यांत उतरत नाहीं. पावसाळ्यांतील वीज तारेवर विकावयाची व रब्बींत तारेवरून घ्यावयाची, असाच व्यवहार करावा लागतो, आणि तो कोणत्या भावानें होतो यावर सर्व कांहीं अवलंबून राहतें.

चक्क्यांमुळें ढग पळतात व पाऊस कमी होतो, अशी एक समजूत दुष्काळी वर्षांत घाटाच्या पूर्वेकडील गांवांतून उठली होती. पाऊस देणारे ढग हजारों मीटर जाडीचे असतात, व ओलसर हवा वर चढून थंड झाल्यानें ते बनतात. चक्की जमिनीलगतच्या शंभर-सव्वाशें मीटरच्या थरांतून थोडी गति काढून घेते. तिच्यामागें कांहीं अंतरापर्यंत वारा मंद व घुसळलेला असतो, आणि म्हणूनच दोन चक्क्यांत पात्यांच्या वर्तुळाच्या कित्येक पट अंतर सोडावें लागतें. घाटाच्या पूर्वेस पाऊस कमी पडतो तो सह्याद्रीच्या आडोशामुळें, आणि तो आडोसा चक्क्यांपूर्वीं लाखों वर्षें तेथें आहे.

ज्यांच्या जमिनीस मागणी येईल त्यांनीं, किंवा गांवाची सहकारी संस्था काढून स्वतःच चक्की घेण्याचा विचार करणारांनीं, कांहीं गोष्टी लेखी मागून घ्याव्या. वाऱ्याची वर्षाची नोंद कोणत्या उंचीवर घेतली? विजेचा ठरलेला भाव किती वर्षांचा? भाडें ठोक आहे कीं युनिटांवर? युनिटांवर असल्यास मीटरची नोंद पाहण्याचा हक्क जमीनमालकास असावा. चक्कीच्या पायथ्यापर्यंत पीक घेतां येतें, साम्सोस तसेंच घेतात. पण सामान नेण्यास जो रुंद रस्ता लागतो तो किती जमीन खातो, व पावसाचें पाणी कोणाच्या बांधावर लोटतो, हें नकाशावर आंखून घ्यावें. चक्कीचें आयुष्य वीस-पंचवीस वर्षांचें. तिच्या पायांत शेंकडों टन काँक्रीट व लोखंड जमिनीखालीं पुरलेलें असतें. मुदत संपल्यावर तें कोणी, किती खोलीपर्यंत व कोणाच्या खर्चानें उपटावयाचें, आणि त्या खर्चासाठीं पैसे पहिल्या दिवसापासून कोठें ठेव म्हणून जमा राहावयाचे, हें कलम करारांत नसेल तर सही करूं नये.